समोरासमोर दोन हॉटेलं आणि मधल्या रस्त्यावरचं प्रेम

आमच्या घरी, नागपूरच्या महाल भागात, रात्री जेवणं आटोपली की आई टीव्ही लावायला सांगते आणि आम्ही दोघी ते परदेशी गोडगोड टीव्ही पिक्चर बघत बसतो. त्यातला एक प्रकार आता तोंडपाठ झालाय, एकाच रस्त्यावर दोन हॉटेलं, एक तिचं एक त्याचं, सुरुवातीला पार्किंगवरून नाहीतर गावच्या फूड फेस्टिव्हलवरून कचकच, आणि शेवटी किचनमध्ये पीठ उडवत मिठी. परवा आईनं विचारलं, "काहून गं, भांडायसाठी हे लोक हॉटेलच काहून टाकतात? किराणा दुकान नाही का टाकता येत?" मला तेव्हा काही सुचलं नाही, मग जरा मागे जाऊन बघितलं.

भांडता भांडता प्रेमात पडणं तसं फार जुनं. शेक्सपिअरच्या 'मच अ‍ॅडो अबाउट नथिंग' मध्ये, म्हणजे 1590 च्या दशकाच्या शेवटी, बिआट्रिस आणि बेनेडिक हेच करून राहिले होते, टोमण्यावर टोमणा. पण त्या दोघांकडे हरण्यासारखा फक्त तोरा होता, दुकान नव्हतं. भांडणात धंदा शिरायला मधे तीनशेवर वर्षं गेली.

1937 मध्ये हंगेरीत मिक्लोश लास्लोचं एक नाटक आलं, अत्तराच्या दुकानातलं. दोघं तिथेच नोकरीला, दिवसा एकमेकांचं तोंड बघवत नाही आणि दुसरीकडे नाव माहीत नसलेल्या कोणालातरी प्रेमपत्रं लिहून राहिलेत, ती पत्रं नेमकी एकमेकांनाच जातात. हॉलिवूडनं 1940 मध्ये त्यावर 'द शॉप अराउंड द कॉर्नर' काढला, 1949 मध्ये जूडी गार्लंडला घेऊन परत गाण्यांसकट केला, दोन्ही वेळेस दोघं पगारावरच. मग थेट 1998 चा 'यू हॅव गॉट मेल', त्यात पत्रांचे ईमेल झाले हे सगळ्यांनाच आठवतं, पण मला विचाराल तर खरा बदल गल्ल्यावर झालाय. आता ती नोकर नाही, पुस्तकांच्या छोट्या दुकानाची मालकीण आहे, आणि तो पुस्तकांच्याच मोठमोठ्या दुकानांच्या साखळीवाला. बरोबरीचं भांडण व्हायला बाईच्या नावावर दुकान पाहिजे ना बाप्पा! अर्थात त्या पिक्चरमध्ये तिचं दुकान त्याच्यामुळेच बंद पडतं आणि तरी ती त्याच्या गळ्यात पडते, हे आईला बी पटलं नाही आणि मला बी नाही.

टीव्हीनं मग ही चूक सुधारली असं म्हणायला हरकत नाही, कारण टीव्हीवरच्या अशा गोष्टीत सहसा कोणाचंच शटर खाली पडत नाही. अमेरिकेत 2001 पासून हॉलमार्क नावानं चॅनल सुरू झालं आणि असल्या हलक्याफुलक्या पिक्चरांची जणू गिरणीच लागली. दोन तासांचा स्लॉट, जाहिराती काढल्या की उरतो साधारण दीड तास, शूटिंग बहुतेक वेळा कॅनडात आणि दोन-तीन आठवड्यांत खतम. दर ब्रेकच्या आधी काहीतरी छोटं संकट लागतंच आणि हॉटेलात ती फुकट मिळतात, कुक पळाला, ओव्हन बंद पडला, समीक्षक येऊन बसला. त्यात 1993 मध्ये सुरू झालेल्या फूड नेटवर्कमुळे शेफ म्हणजे हिरो हे लोकांच्या डोक्यात आधीच बसलं होतं. पण आईच्या प्रश्नाचं माझं उत्तर याहून साधं आहे, किराणा दुकानात दोघांचीही तूरडाळ तीच असते, हॉटेलात मात्र दुश्मनाच्या हातचं खाऊन बघता येतं, आणि एकदा ते आवडलं की मग भांडायचं कसं?

कोरियावाले अजून एक घर पुढे. 2010 च्या 'पास्ता' सिरीयलमध्ये ('पॅरासाइट' पिक्चरमधला तो श्रीमंत बाप झालेला ली सन-क्युन त्यात शेफ आहे) तो येतो आणि जाहीरच करतो की माझ्या किचनमध्ये बायका चालणार नाहीत. म्हणजे पुन्हा भांडण तेच, चुलीपाशी कोण आणि हुकूम कोणाचा.

आपल्याकडे हे प्रकरण जरा अडखळत आलं, कारण आपल्या सिरीयलीत भांडायला सासू असते, धंद्याची गरजच पडत नाही. 2011 च्या 'दिया और बाती हम' मध्ये मिठाईचं दुकान नवऱ्याचं, 2013 च्या 'होणार सून मी ह्या घरची' मध्ये गृहउद्योग नवऱ्याच्या घरचा आणि ती बँकेत नोकरीला. 2016 मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' आली आणि आम्हा नागपूरकरांची कॉलर टाईट झाली, कारण राधिका आमच्याकडची, बोलणं आमच्याकडचं, आणि नवऱ्यानं धोका दिल्यावर तिनं काय केलं तर मसाल्याचा धंदा टाकला. रोमान्स राहू द्या बाजूला, पण गल्ल्यावर बाई बसली ना.

आणि नागपुरात हे काही नवीन नाही. सावजी जेवण, म्हणजे आमच्याकडचं ते झणझणीत तिखट जेवण, आलं ते हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून, हातमागाचा धंदा बसत गेला तसं घरच्या चुलीवर शिजवून विकणं सुरू झालं, आणि तो काळा मसाला घरच्या बायकांच्या हातचा. पाटीवर मात्र आडनाव लागलं आणि पुढे सावजी. गोळीबार चौकाकडे जा, जितकी भोजनालयं तितके 'ओरिजनल', आणि मसाला कोणी कोणाला सांगत नाही, सख्ख्या नातेवाईकाला सुद्धा नाही. इतकी तयार पटकथा पडली आहे, कोणी उचलत काहून नाही हे मला समजत नव्हतं, तर आईनं दोन मिनिटांत निकाल लावला. म्हणे, हिरो-हिरोईननं एका ताटात सावजी मटण खाल्लं तर पहिल्या घासाला दोघांची नाकं गळतील, डोळ्यातून पाणी, कपाळावर घाम, मग तो क्लोजअप घेणार कसा? पनीर देतील अन् काय.