नेट कुणाचं घ्यावं? घरी ब्रॉडबँड जोडण्याआधी हे वाचा

"जिओ घेऊ की एअरटेल? बीएसएनएल कसं आहे? आमचा केबलवाला निम्म्या पैशांत देतोय, घेऊ का?" आमच्या दुकानात हा प्रश्न दिवसातून निदान दोनदा येतो. आम्ही कुठल्याच कंपनीचं कनेक्शन विकत नाही, त्यामुळे कुणाचं कमिशनही घेत नाही. आमचं काम घरातलं: वायर ओढणं, वायफाय लावणं, कॅमेरे बसवणं. पण कनेक्शन चुकलं की आमचं चांगलं कामही वाया जातं आणि गिऱ्हाईक महिनाभर वैतागतं. म्हणून हे पत्रक.

सगळ्या पुण्यासाठी चांगली अशी एक कंपनी आम्हाला सांगता येत नाही. कोथरूडच्या एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या दोन सोसायट्यांमध्ये, एकाच कंपनीबद्दल अगदी उलटी मतं आम्ही ऐकली आहेत, आणि दोन्ही खरी होती. कंपनीचं मोठं जाळं बहुतेक वेळा ठीकच चालतं. अडतं ते शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये, चौकातल्या डब्यापासून तुमच्या दारापर्यंत. ती तार कुठून आणली, जमिनीखालून की झाडांवरून, आणि तुटली तर जोडायला कोण येतं, यावर तुमचं नेट अवलंबून असतं. पुष्कळ कंपन्या हे शेवटचं काम स्थानिक केबलवाल्याकडे किंवा कंत्राटदाराकडे देतात. बीएसएनएलच्या फायबरचंही बऱ्याच भागांत तसंच आहे. बिलावर नाव मोठं असतं आणि शिडी घेऊन येतो तो आपला ओळखीचाच माणूस. त्यात वाईट काही नाही. उलट तो फोन उचलणारा असेल तर सोन्याहून पिवळं.

आधी जिन्यात विचारा, मग जाहिरात बघा

ज्या कंपन्यांची तार तुमच्या इमारतीत आधीच आली आहे त्यांची नावं वॉचमनकडून किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींकडून घ्या. मग वरच्या-खालच्या मजल्यावरच्या तीन-चार घरांत जाऊन विचारा. "नेट चांगलं आहे का?" असं विचारलंत तर सगळेच "ठीक आहे" म्हणतात. त्यापेक्षा असं विचारा: शेवटचं कधी बंद पडलं होतं, आणि सुरू व्हायला किती वेळ लागला? रात्री नऊ-साडेनऊला सिनेमा अडकतो का? गेल्या पावसाळ्यात किती दिवस गेलं? या तीन उत्तरांतून जे कळतं ते कुठल्याही प्लॅनच्या तक्त्यातून कळणार नाही.

पावसाळ्याचा प्रश्न पुण्यात फार महत्त्वाचा आहे. जूनच्या पहिल्या वादळी पावसात फांद्या पडतात आणि झाडांवरून गेलेली फायबर त्यांच्यासोबत खाली येते. पेठांमध्ये गणपतीच्या आधी मांडव घालताना आणि मिरवणुकीच्या रस्त्यावर वरून लोंबणाऱ्या केबल हलवाव्या लागतात, तेव्हाही तुटतात. तांब्याची तार टेप लावून कशीबशी जोडता येते. फायबर म्हणजे केसाएवढी काच. ती जोडायला स्प्लायसिंगचं मशीन आणि ते चालवणारा माणूस लागतो, आणि वादळानंतर तो माणूस एकाच वेळी वीस ठिकाणी हवा असतो.

एका पावसाळ्यात आमच्याच दुकानाचं नेट पाच दिवस बंद होतं. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली आणि कंपनीच्या ॲपवर रोज "आज संध्याकाळपर्यंत" एवढाच निरोप येत राहिला. आमच्याकडे दुसरं कनेक्शनही होतं, पण त्याची तार त्याच खड्ड्यातून गेलेली, त्यामुळे दोन्ही एकदमच गेली. तेव्हापासून ज्यांचं घरून काम चालतं त्यांना आम्ही आवर्जून सांगतो: दुसरं कनेक्शन घ्यायचंच असेल तर त्याची तार इमारतीच्या दुसऱ्या बाजूने येते का ते डोळ्यांनी पाहा.

आणखी एक गोष्ट विचारायची राहून जाते. घरात येते ती फायबर असते की साधी लॅनची वायर? काही ठिकाणी फायबर फक्त इमारतीपर्यंत येते, जिन्यात किंवा गच्चीवर एक स्विच, म्हणजे नेट घरोघरी वाटणारा डबा, बसवतात आणि तिथून निळी किंवा करडी लॅन वायर घरोघरी जाते. तो स्विच विजेवर चालतो. वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट जातं, कारण वरचा स्विच बंद झालेला असतो. फायबर थेट घरात येत असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या तुकड्याला, वीज लागत नाही. घरातला डबा, म्हणजे ओएनटी आणि राउटर, इन्व्हर्टरवर किंवा छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर ठेवला की काम चालू राहतं. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते अशा भागात राहणाऱ्यांनी हे नक्की बघावं.

वेग किती घ्यायचा

बहुतेक घरं गरजेपेक्षा जास्त वेग विकत घेतात. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. चांगल्या व्हिडिओ कॉलला साधारण ३-४ लागतात. आई-बाबा, दोन मुलं आणि आजी असं घर धरा. एकाचा ऑफिसचा कॉल, एकीचा क्लास, टीव्हीवर मालिका, मोबाइलवर रील्स असं सगळं एकदम चाललं तरी ५०च्या आत भागतं. १०० एमबीपीएसचा प्लॅन अशा घराला निवांत पुरतो. ३०० किंवा त्याहून वरचा वेग मोठ्या फायली चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांसाठी, किंवा दहा-बारा माणसांच्या घरासाठी.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर फाइल उतरताना संगणकावर १२ एमबी असा आकडा दिसतो आणि लोक आम्हाला फोन करतात की कंपनीने फसवलं. कंपनी बिट मोजते, संगणक बाइट दाखवतो आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० भागिले ८, साडेबारा. तुमचं कनेक्शन ठणठणीत आहे.

अपलोडचा वेग वेगळा विचारून घ्या. ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई, घरून काम करणारे, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर, रेकॉर्डिंग साठवणारे कॅमेरे, या सगळ्यांना तो लागतो. पुष्कळ फायबर प्लॅनमध्ये तो डाउनलोडइतकाच असतो, सगळ्यांत नाही.

संध्याकाळी वेग का पडतो हेही कळलं पाहिजे. सर्वाधिक वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत एका फायबरवर सुमारे २.५ जीबीपीएस, म्हणजे २५०० एमबीपीएस, येतात आणि स्प्लिटर लावून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८च्या आसपास येतील. तसं सहसा होत नाही, म्हणून व्यवस्था चालते. पण ज्या छोट्या पुरवठादाराने वरच्या मोठ्या कंपनीकडून मुळात कमी बँडविड्थ (सगळ्यांत वाटायचा एकूण वेग) घेतलेली असते, त्याच्याकडे रात्री नऊला सगळं संथ होतं. म्हणून वेग तपासायचा तर दुपारी तीनला तपासू नका. रात्री तपासा, आणि तपासणीच्या साइटवर दूरच्या शहरातला सर्व्हर निवडूनही एकदा बघा. जवळचा सर्व्हर कित्येकदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो, तो बहुतेक वेळा पूर्ण वेग दाखवतो.

बिलाचा खरा आकडा

जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ४९९चा प्लॅन हातात पडतो ५८८ रुपये ८२ पैशांना. "फ्री राउटर" असेल तर तो तुमच्या मालकीचा की परत द्यायचा, अनामत किती, हे लिहून घ्या. "अनलिमिटेड"लाही मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी आहे, आणि साध्या घराला ती संपत नाही. काही स्वस्त प्लॅनची मर्यादा मात्र खूपच कमी असते, आणि ती ओलांडल्यावर वेग २-४ एमबीपीएसवर येतो. तो आकडा बारीक अक्षरांत असतो, तो शोधा.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका, निदान पहिल्यांदा तरी. सहा किंवा बारा महिन्यांच्या प्लॅनवर सूट असते हे खरं, पण सेवा वाईट निघाली किंवा भाड्याचं घर बदललं तर उरलेले पैसे परत मिळवताना दमछाक होते. पहिला महिना, फार तर तीन महिने बघा. कर्वेनगरच्या एका ताईंनी वर्षाचं भरलं आणि चौथ्या महिन्यात त्या उंड्रीला राहायला गेल्या. तिथे त्या कंपनीची तारच पोचली नव्हती. मोबाइलचा नंबर ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय ब्रॉडबँडला नाही.

ओटीटीच्या पॅकेजवरून कंपनी ठरवू नका. वीस ॲपची यादी असते, घरात त्यातली दोन पाहिली जातात.

वायफाय आणि नेट या दोन गोष्टी आहेत

आमच्याकडे येणाऱ्या "नेट स्लो आहे" अशा तक्रारींतल्या बऱ्याच तक्रारी कंपनीच्या नसतात, घरातल्या भिंतींच्या असतात. सदाशिव, नारायण, कसबा पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गीगाहर्ट्झचं वायफाय पलीकडे जेमतेम पोचतं. २.४ गीगाहर्ट्झ पोचतं, पण त्याचा वेग कमी, आणि सोसायटीत शेजारच्या पंधरा घरांचं वायफाय त्याच पट्ट्यात गर्दी करतं. त्यात फायबरवाला राउटर लावून जातो तो टीव्हीच्या मागे, नाहीतर दाराजवळच्या लोखंडी शू-रॅकवर, कारण तिथवर वायर सहज येते. त्याला सांगा की दहा मीटर वायर जास्त ओढ, पैसे आम्ही देतो, पण राउटर घराच्या मध्यावर आणि उंचावर लाव.

कंपनीला दोष देण्याआधी एकदा लॅपटॉप थेट वायरने राउटरला जोडून वेग बघा. वायरवर पूर्ण मिळतो आणि बेडरूममध्ये मिळत नाही, तर कंपनी बदलून काही होणार नाही. अशा वेळी दुसऱ्या खोलीपर्यंत कॅट-६ वायर नेऊन तिथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरवर चालणारा दुसरा वायफाय डबा, लावणं हा आमच्या मते सर्वांत टिकाऊ उपाय आहे. वायफाय पुढे ढकलणारे, भिंतीत खोचायचे रिपीटर स्वस्त पडतात, पण त्यातले पुष्कळसे वेग निम्म्यावर आणतात. ३०० एमबीपीएस घेऊनही वायरवर वेग ९५च्या वर जात नसेल तर राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे, किंवा वायरच्या आठातल्या चारच तारा लागल्या आहेत.

ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लागला की तो घरातला बिघाड समजू नका, फायबरमधून प्रकाश येणं थांबलंय. कपाट सरकवताना वायर दुमडली नाही ना एवढं पाहा आणि तक्रार नोंदवा. राउटर रीसेट करू नका, सेटिंग जाईल.

तार येतच नसेल तर

शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांत कधीकधी फायबर पोचलेली नसते. तिथे गच्चीवर अँटेना लावून ५जीवर चालणारं एअरफायबर मिळतं. जिओने सप्टेंबर २०२३मध्ये ते सुरू केलं तेव्हा पहिल्या आठ शहरांत पुणं होतं. चालतं चांगलं, पण टॉवरवरची गर्दी आणि जागा यांवर वेग बदलतो आणि डेटाची मर्यादा फायबरपेक्षा कमी असते. फायबर मिळत असेल तर फायबरच घ्या.

कॅमेरे ॲपवर बघणार असाल तर कुठलंही नेट चालेल. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, थेट आयपी पत्त्यावर (इंटरनेटवरच्या तुमच्या कनेक्शनच्या क्रमांकावर) उघडायचा असेल तर स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मिळतो का ते आधीच विचारा. एकच पत्ता कित्येक ग्राहकांत वाटून देण्याची पद्धत सर्रास आहे, आणि त्यावर बाहेरून जोडणी होत नाही.

तक्रार आणि निरोप

फायबरवाल्याला व्हॉट्सॲप केलं म्हणजे तक्रार झाली असं नाही. कंपनीच्या कॉल सेंटरवर किंवा ॲपवर नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. काम झालं नाही तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२च्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याचे पैसे लागत नाहीत, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे नेता येतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. बंद पडल्याच्या तारखा वहीत लिहा, एलओएसच्या लाल दिव्याचे फोटो काढून ठेवा. पुढे बिलातून सूट मागताना तेच उपयोगी पडतं.

कंपनी बदलताना जुनं आठवडाभर चालू ठेवा. नवं रात्री आणि एखाद्या पावसात नीट चाललं की मगच जुनं बंद करायला सांगा, राउटर परत द्या आणि त्याची पावती घ्या. ती पावती नसल्यामुळे राउटरचे पैसे भरावे लागलेली माणसं आम्हाला भेटली आहेत.

सल्ला हवा असेल तर दुकानात या, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. येताना आत्ताचं बिल, घराचा कागदावर काढलेला साधा नकाशा आणि वायरने घेतलेल्या रात्रीच्या वेगाचा फोटो आणा.