कामगंध सापळ्यामागचा मेंदू

सोलापूर जिल्ह्यात तूर फुलोऱ्यात आली की घाटे अळीसाठी शेतात कामगंध सापळे टांगले जातात. सापळ्यातल्या ल्यूरला, म्हणजे आमिषाच्या गोळीला, मादी पतंगाचा कृत्रिम गंध असतो आणि त्याकडे नर ओढले जातात, एवढे बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. मात्र हा गंध कधी तयार करायचा, अंडी कधी पोसायची हे मादीचा मेंदू रासायनिक निरोपांनी ठरवतो, हे उलगडायला जी दीर्घ मेहनत लागली तिची हकीकत क्वचितच सांगितली जाते.

१९१७ ते १९२२ या काळात पोलंडमधील स्टेफान कोपेच यांनी जिप्सी पतंगाच्या अळ्यांचा मेंदू काढून पाहिला. शस्त्रक्रिया वेळेआधी झालेल्या अळ्या कोषावस्थेत गेल्याच नाहीत. मेंदूही ग्रंथीप्रमाणे रक्तात स्राव सोडतो, हा विचार येथून सुरू झाला. १९३६ मध्ये व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी रक्तशोषक ढेकणाच्या जातीत मेंदूमागच्या कॉर्पस अलाटम ग्रंथीविना मादीची अंडी वाढत नाहीत, हे दाखवले. पुढे डेन्मार्कच्या एलेन थॉमसन यांनी माशीच्या मेंदूतल्या चेतास्रावी, म्हणजे रक्तात रासायनिक स्राव सोडणाऱ्या, पेशीच काढल्या आणि अंडाशयाची वाढ खुंटली.

मला या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटतो तो रेशीमकिड्याचा अध्याय, आणि तुती लावून कोष घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना तो जवळचा वाटावा. १९५१ च्या सुमारास जपानमध्ये हासेगावा आणि फुकुदा यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की मादीच्या अन्ननलिकेखालील चेतागुच्छिकेतून, म्हणजे चेतापेशींच्या गाठीतून, एक संप्रेरक (रक्तातून जाणारा रासायनिक निरोप) स्रवते आणि त्यामुळेच तिची अंडी सुप्तावस्थेत जातात, म्हणजे त्यांची वाढ काही काळ थांबते. दुबार, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या, जातींत ती मादी स्वतः अंड्यात असताना सुमारे २५ अंश सेल्सिअस उष्णता आणि उजेड मिळाला असेल, तर मोठेपणी ती सुप्त अंडी घालते. १५ अंश आणि अंधार मिळाला असेल, तर तिची अंडी लगेच उबतात. अंडीपुंज कधी फुटणार, याचा निर्णय अशा रीतीने एक पिढी आधीच आईच्या चेतासंस्थेत नोंदला जातो.

गंधाचा उलगडा १९८४ मध्ये झाला. अशोक रैना आणि जेरोम क्लन यांनी घाटे अळीच्या अमेरिकेतील भाऊबंद जातीच्या मादीचे डोके आणि छाती यांच्यामध्ये दोरा आवळला; तेव्हा गंध तयार होईना, आणि मेंदूचा अर्क टोचताच तो पुन्हा होऊ लागला. १९८९ मध्ये त्या अर्कातले ३३ अमिनो आम्लांचे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी, ओळखले गेले. रेशीमकिड्यात सुप्तावस्थेचे संप्रेरक आणि हे गंधप्रेरक पेप्टाइड एकाच जनुकातून बनतात, हे १९९० च्या दशकाच्या आरंभी कळले.

अशा पेप्टाइडांपासून थेट कीडनाशक करण्याची आशा तेव्हापासून आहे. परंतु किडीच्या आतड्यातली विकरे त्यांचे तुकडे करतात आणि बाह्यकवचातूनही ती सहज आत शिरत नाहीत, म्हणून संशोधक आता न तुटणारी कृत्रिम रूपे घडवत आहेत.