ओली वाळू, कोरडी वाळू

डिसेंबर आला की नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर दोनच विषय: निफाडचा पारा किती घसरला आणि यंदा अंदमानला कोण निघालंय. निघालेल्याला कोणीतरी हमखास सांगतं, "तिथेही पळणं सोडू नका हं. वाळू मऊ असते, गुडघ्यांना त्रास नाही." मलाही सांगितलं होतं. स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, राधानगरच्या पुळणीवर रोजचे पाच किलोमीटर काढायला गेलो आणि दीड किलोमीटरवरच पोटऱ्या धरून बसलो. पलीकडे पाण्याच्या कडेने एक आजोबा आरामात पळत होते. पुळण एकच, पण त्यांची वाळू वेगळी होती.

मी होतो भरतीच्या रेघेच्या वर, झाडांकडच्या कोरड्या वाळूत. तिथे कणाला कण धरून नसतो. पाय दाबला की कण बाजूला सरकतात आणि आपला जोर पुढे जाण्याऐवजी वाळू हलवण्यातच खर्ची पडतो. डांबरी रस्त्यावर टाचेमागची जाड शीर स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि पुढच्या पावलाला उसळी देते. इथे ती उसळीच वाळू गिळून टाकते. बेल्जियमच्या संशोधकांनी 1998 मध्ये हे मोजलं होतं. वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा 2.1 ते 2.7 पट ऊर्जा लागते, पळायला साधारण 1.6 पट. म्हणजे चालणंही तिथे पुरेसा व्यायाम आहे. तालमीच्या हौद्यात उकरलेल्या लाल मातीत ज्याने बैठका मारल्यात, त्याला हे आकड्यांशिवाय कळेल.

मऊपणाचा फायदा खोटा नाही. आदळआपट कमी होते. पण टाच खोल रुतल्याने तीच शीर जास्त ताणली जाते आणि घोटा प्रत्येक पावलाला डगमगतो. गुडघा वाचवायला गेलो आणि पोटरी धरली, असा प्रकार. कोरड्या वाळूत वीस-तीस पावलांच्या छोट्या धावा घ्याव्यात, नाहीतर नुसतं चालावं. लांब पल्ला नको.

आजोबांची वाळू ओली. कणांमधलं थोडंसं पाणी पृष्ठताणाने त्यांना एकमेकांना बांधून ठेवतं. किल्ला ओल्या वाळूचाच उभा राहतो, तेच कारण. अगदी पाण्याखालची वाळू मात्र पुन्हा सैल. मधला घट्ट पट्टा पळायला उत्तम, जवळजवळ गोदा पार्कच्या वाटेसारखा. पण मग तो मऊही राहत नाही! शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर त्याची तक्रार करते. जितकं गेलात तितकंच त्याच कडेने परत या, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा वाटला जातो. अनवाणी पळणार असाल तर प्रवाळाच्या तुकड्यांवर नजर ठेवा.

हा पट्टा हवा तेव्हा मिळत नाही. भरतीला तो पाण्याखाली जातो, ओहोटीला उघडा पडतो, आणि ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी खूप मागे हटतं, पट्टा रुंद होतो. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. तिकीट काढताना आपण एकादशी बघतो, तिथे अष्टमीही बघायला हरकत नाही.

आणि घड्याळ. अंदमान नाशिकपेक्षा सुमारे 19 अंश पूर्वेला, म्हणजे सूर्य तिथे सव्वा तास आधी, पण वेळ तीच भारतीय. नाशिकच्या सवयीने सात वाजता बाहेर पडलात तर ऊन केव्हाच चढलेलं असतं. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. टीशर्ट पिळून "आज चरबी गेली" म्हणणाऱ्यांचं फक्त पाणी गेलेलं असतं.

पोटऱ्या तयार करायला समुद्र लागत नाही. दुसऱ्या खेपेला निघण्याआधी महिनाभर मी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढलो. तरी कोरड्या वाळूत दहाव्या धावेला थांबलोच, आणि ओहोटी होती म्हणून उरलेलं अंतर खालच्या पट्ट्यावर काढलं.