गोळी आणि तिचं नाव वेगळं करू नका : वृद्धाश्रम, केअर सेंटर आणि घरी पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी

आम्ही मुंबईतल्या छोट्या वृद्धाश्रमांना, केअर सेंटरना आणि घरीच आजी-आजोबांना सांभाळणाऱ्या कुटुंबांना महिन्याची औषधं पोचवतो. ऑर्डर पोचवायला गेलं की औषधांचं कपाट दिसतंच, आणि खूप ठिकाणी त्यात एक डबा असतो सुट्या गोळ्यांचा. पांढऱ्या, गोल, बिननावाच्या. बीपीची कुठली आणि थायरॉईडची कुठली हे फक्त दिवसपाळीच्या मावशींना माहीत, आणि मावशी गणपतीला गावी गेल्या की कोणालाच नाही. आमचं सगळं सांगणं या डब्याबद्दलच आहे. गोळी तोंडात जाईपर्यंत तिच्या स्ट्रिपमधेच राहू द्या.

स्ट्रिप कापताना बघा, बऱ्याचदा नाव एका टोकाला आणि एक्सपायरी दुसऱ्या टोकाला असते, मधून कापली की एका तुकड्यावर नाव नाही आणि एकावर तारीख नाही. ज्या भागावर नाव किंवा तारीख नाही तिथून गोळ्या काढायला सुरुवात करा. एक्सपायरीला नुसता महिना लिहिलेला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. रात्रीच्या गोळ्या संध्याकाळीच वाट्यांमधे काढून ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, कामाचा ताण आम्हाला कळतो, पण दोन वाट्यांची अदलाबदल व्हायला एक फोन पुरतो. एका पेशंटच्या काढा, त्याचं नाव घेऊन द्या, समोर पाणी पिऊन गिळल्याचं बघा, लगेच त्याच्या औषधांच्या चार्टवर सही करा, मग पुढचा पेशंट. सही आधी करून ठेवू नका.

आता नातेवाईक. रविवारी मुलगा येतो, बाबांसाठी प्रेमाने औषधं घेऊन येतो, पण वेगळ्या कंपनीची. टेल्मा आणि टेल्मीकाइंड दोन्हीत टेल्मिसार्टनच आहे, दोन्ही चालू राहिल्या तर बीपी एवढं उतरू शकतं की आजोबा बाथरूममधे पडतील. इकोस्प्रिन गोल्डमधे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन तिन्ही असतात, त्यात परत वेगळी अ‍ॅटोरव्हाची गोळी चालू असेल तर डोस डबल होतो. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल ही तिन्ही पॅरासिटामॉलच. म्हणून बाहेरून आलेलं कुठलंही औषध थेट कपाटात टाकू नका, आधी ब्रँडच्या खालचं बारीक अक्षरातलं कंटेंट वाचा आणि चार्टशी जुळवा. वाचता येत नसेल तर स्ट्रिपचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आम्ही बघून सांगतो, आणि कुठली बंद करायची ते डॉक्टरांना विचारायचं, आम्हाला किंवा शेजारच्या पेशंटच्या मुलीला नाही.

एका औषधाबद्दल जरा जोर देऊन सांगतो, मेथोट्रेक्सेट. आमवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज दिली गेली तर जीव जाऊ शकतो, आणि जगभर अशा चुका झालेल्या आहेत. चार्टवर नुसतं नाव नको, "फक्त सोमवारी" असा वार मोठ्या अक्षरात लिहा, बाकीच्या सहा दिवसांवर फुली मारा आणि स्ट्रिप रोजच्या औषधांपासून वेगळी ठेवा.

मुंबईची दमट हवा औषधांची शत्रू आहे. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, किचनच्या ओट्यावर, टीव्हीच्या वर औषधं नकोत. बाटलीतली सिलिका जेलची पुडी कचरा समजून टाकू नका, ती ओल शोषून घेते. थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली वापरून झाली की लगेच घट्ट बंद. डॅबिगॅट्रानच्या (रक्त पातळ ठेवणाऱ्या) कॅप्सूल ओलीने खराब होतात, त्या मूळ पॅकिंगमधेच हव्यात, पिलबॉक्समधे काढून ठेवायच्या नाहीत आणि फोडूनही द्यायच्या नाहीत. तळमजल्यावर असाल तर कपाटाचा खालचा कप्पा पावसाळ्यात रिकामा ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला होता, तेव्हाचं पाणी ज्यांनी घरात बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

फ्रिजबद्दल थोडं जास्त बोलावं लागतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत हवं, म्हणजे मधल्या कप्प्यात, दारात नाही (दार सारखं उघडतं) आणि फ्रीझरला चिकटून तर अजिबात नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं, दिसायला अगदी चांगलं दिसलं तरी टाकूनच द्या. उघडलेलं बहुतेक इन्सुलिन कंपनीने सांगितलेल्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं, नेमकं किती ते पाकिटातल्या कागदावर असतं, पण मे आणि ऑक्टोबरमधे आपल्या खोल्याच ३० डिग्रीच्या वर असतात हे लक्षात ठेवा आणि सर्वात थंड खोली निवडा. उघडल्याची तारीख आणि पेशंटचं नाव लेबलवर लिहा. इन्सुलिनचं पेन एकाचं एकालाच, सुई बदलली तरी दुसऱ्याला चालत नाही, रक्तातून इन्फेक्शन जाऊ शकतं. डोळ्यांच्या ड्रॉप्सवरही तारीख लिहा, बहुतेक ड्रॉप्स उघडल्यावर २८ दिवसांनी फेकायचे. फ्रिज एकच असेल तर दूध-भाजीत औषध मोकळं ठेवू नका, झाकणाचा डबा करा, आत थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा.

गिळता येत नाही किंवा नळीतून फीड चालू आहे म्हणून सगळ्या गोळ्या एकत्र कुटून देतात, हे थांबवा. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर असं काही असेल तर ती गोळी हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते, कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. ॲसिडिटीची पँटोप्राझोलची गोळी कुटली तर पोटातल्या ॲसिडनेच निकामी होते. पुष्कळ औषधांचं सिरप मिळतं किंवा दुसरा पर्याय असतो, डॉक्टरांना विचारा, आम्ही मागवून देतो.

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल ही औषधं शेड्यूल एच१ मधे, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून नियम असा आहे की आम्हाला पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि किती दिलं ते वेगळ्या रजिस्टरमधे लिहून तीन वर्षं जपावं लागतं. त्यामुळे "मागच्या वेळचंच द्या" म्हटलं तरी प्रिस्क्रिप्शनशिवाय देत नाही, कृपया आमच्या डिलिव्हरीच्या मुलावर चिडू नका. तुमच्याकडेही ही कुलपात ठेवा, चावी ड्युटीवरच्या एकाच माणसाकडे, आणि पाळी बदलताना दोघांनी मिळून गोळ्या मोजायच्या.

एखादे आजोबा गेले किंवा घरी परत गेले की त्यांच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्यासाठी ठेवू नका, कितीही महाग असल्या तरी. सेंटरमधे बायोमेडिकल कचऱ्याची गाडी येत असेल तर एक्सपायर औषधं पिवळ्या पिशवीत आणि सुया पांढऱ्या, टोचून फाटणार नाही अशा डब्यात.

आणि चुकून एकाची गोळी दुसऱ्याला गेलीच, तर मावशींवर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी त्या सांगणारच नाहीत. उलटी करवायला जाऊ नका. ताबडतोब डॉक्टरांना फोन करा. पेशंट गुंगीत असेल, घाम फुटला असेल, श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा, आणि ज्या स्ट्रिपमधून गोळी गेली ती स्ट्रिप चार्टसकट पेशंटबरोबर पाठवा.