पाळणे कमी, म्हणून पांढरी डोकी जास्त

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात गणपतीच्या आरतीला उभे राहिले, की टाळ्या वाजवणारे हात बहुतेक साठीच्या पुढचे दिसतात. मंडळी म्हणतात, ‘औषधं सुधारली, माणसं जास्त जगायला लागली.’ खरे आहे, पण समाज म्हातारा होण्याचे मुख्य कारण ते नाही.

आयुर्मान वाढू लागते तेव्हा समाज आधी तरुण होतो! कारण सुरुवातीला वाचतात ती मुख्यतः तान्ही बाळे. देवी, हिवताप, हगवण आटोक्यात येऊ लागले, घराघरांत मुले जगू लागली, आणि 1971 च्या जनगणनेत देशातले सुमारे 42 टक्के लोक पंधरा वर्षांखालचे निघाले. चित्र पालटते ते जन्म घटल्यावर. 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी 3.4 मुले होती, 2019-21 मध्ये 2. त्या पाहणीत मध्य प्रदेशचा आकडाही तेवढाच होता. लोकसंख्या टिकायला साधारण 2.1 लागतात. खालून भरती आटली की वरचा वाटा आपोआप वाढतो. 2011 मध्ये साठीपुढचे 8.6 टक्के होते. 2050 पर्यंत ते वीस टक्क्यांच्या आसपास जातील असा अंदाज आहे.

काळजी वेगाची आहे. पासष्टीपुढच्यांचा वाटा 7 वरून 14 टक्क्यांवर जायला फ्रान्सला सुमारे 115 वर्षे लागली, जपानला पाव शतक. भारतालाही जवळपास पाव शतकच मिळेल. पण जपान तेव्हा श्रीमंत झालेला होता.

आता रामबागेचे कोडे. 2011 मध्ये केरळात ज्येष्ठ 12.6 टक्के होते, मध्य प्रदेशात जेमतेम 8. म्हणजे आपले राज्य तसे तरुणच. मग इथे ही पांढरी डोकी कशी? राज्याच्या सरासरीत गल्ली दिसत नाही. मुले पुण्याला, बंगळुरूला गेली की नातवंडांचे जन्मही तिकडेच नोंदले जातात. जन्म घटल्याने जे देशाचे होते, तेच स्थलांतराने एखाद्या मोहल्ल्याचे होते, फक्त फार लवकर. मागे राहतात त्यांत बायका जास्त, कारण त्या सरासरीने जास्त जगतात, आणि नवराही बहुधा वयाने मोठा असतो. त्यांतल्या कितीजणींच्या नावावर स्वतःची पेन्शन असते? गरीब वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेत 60 ते 79 वयाला केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे, आणि 2007 पासून तो तेवढाच आहे. राज्ये आपली भर घालतात, तरी हा आकडा मला लाजिरवाणा वाटतो.

2050 चे ज्येष्ठ कोण, हे ओळखायला भाकीत लागत नाही. ते सगळे 1990 पर्यंत जन्मलेले आहेत. आज ते दुकानात, टेम्पोवर, बांधकामावर राबत आहेत, आणि बहुतेकांचा प्रॉव्हिडंट फंड कापला जात नाही. त्यांच्या नावाने पैसा साठवायला सुरुवात करायची, तर ती त्यांचे हात चालताहेत तोवरच करता येईल.