एआर-१५ रायफलीतील कॅलिबरबदल

एकाच अर्धस्वयंचलित (ट्रिगर दाबला की एक गोळी सुटून पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलीवर निरनिराळ्या सावजांसाठी निरनिराळी काडतुसे चालवता यावीत, म्हणून तिचा नळीकडचा अर्धा भाग बदलण्याची पद्धत. ती मुख्यतः अमेरिकेत रुळली आहे आणि तिचा पाया एआर-१५ ही रायफल आहे. रायफल-रचनाकार यूजीन स्टोनर यांच्या एआर-१० या मोठ्या रायफलीवरून आर्मालाइट कंपनीने ती घडवली. १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले आणि १९६४ मध्ये तिची नागरी आवृत्ती बाजारात आली.

या रायफलीचा सांगाडा दोन भागांचा असतो. खालच्या भागात ट्रिगर, दस्ता आणि मॅगझीनची (काडतुसांच्या पेटीची) पोकळी असते, तर वरच्या भागात नळी, बोल्ट (काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा तुकडा) आणि बहुधा दुर्बीण. दोन आडव्या पिना सरकवल्या की वरचा भाग सुटा होतो आणि त्या जागी दुसरा बसवता येतो. काम मिनिटभराचे. दुर्बीण नळीसोबतच राहते, त्यामुळे जुळवलेला नेम सहसा टिकतो. तरी जाणता शिकारी हंगामापूर्वी कागदी लक्ष्यावर दोन-चार गोळ्या झाडून पाहतोच. वरचा भाग तोच ठेवून नुसती नळी बदलणे मात्र इतके सोपे नाही. त्याला पाने लागतात आणि नळी-बोल्टमधले अंतर खास मापकाने तपासावे लागते.

नळीचे माप (कॅलिबर) बदलले म्हणजे सगळेच बदलले, असा समज असतो. प्रत्यक्षात बोल्टचे तोंड काडतुसाच्या बुडाला बसते की नाही आणि काडतूस मॅगझीनमध्ये मावते की नाही, यावर सारे ठरते. .३०० ब्लॅकआउट या काडतुसाची गोळी या रायफलीच्या मूळ .२२३ रेमिंग्टन काडतुसापेक्षा बरीच जाड, पण पुंगळीचे (दारू भरलेल्या धातूच्या नळीचे) बूड तेच. म्हणून बोल्ट आणि मॅगझीन जुनेच चालते, बदलते ती नळी. उलट .२२४ व्हाल्किरीची गोळी .२२३ च्याच व्यासाची असूनही तिला वेगळा बोल्ट व वेगळे मॅगझीन लागते, कारण तिची पुंगळी ६.८ एसपीसी या दुसऱ्या काडतुसावरून घेतलेली आहे. ६.५ ग्रेंडेलचे बूड याहून रुंद. काडतुसाच्या लांबीला मॅगझीनची मर्यादा असते, साधारण २.२६ इंच. .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर त्यात मावत नाहीत. त्यांना एआर-१० च्या घडणीची मोठी रायफलच हवी.

निवड सावजावर अवलंबून असते. कोयोटसारख्या लहान प्राण्यांसाठी .२२३, हरणांसाठी ६.५ ग्रेंडेल किंवा ६.८ एसपीसी, तर दाट झाडीत जवळून रानडुक्कर मारायला .४५० बुशमास्टर. या शेवटच्या काडतुसाची गोळी २५० ग्रेनची, म्हणजे १६ ग्रॅमच्या आसपास भरते; .२२३ ची नेहमीची गोळी ५५ ग्रेनची असते.

सर्वांत मोठा धोका काडतुसांच्या सरमिसळीचा. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या मॅगझीनमध्ये मावते आणि कधीकधी .२२३ च्या नळीच्या चेंबरमध्येही (काडतूस बसते त्या मागच्या पोकळीतही) शिरते. जाड गोळी अरुंद नळीत अडकली की दाब कमालीचा वाढून रायफल फुटते. म्हणून मॅगझीनला रंगीत पट्ट्या लावतात, काहीजण तर एका फेरीला एकच जातीची काडतुसे सोबत नेतात. दुसरी सवय जास्त भरवशाची: पट्टी अंधारात दिसत नाही.

अमेरिकी संघीय कायद्यात बंदूक मानला जातो तो अनुक्रमांक असलेला खालचा भाग. त्यामुळे वरचे भाग सुटे विकत मिळतात. मात्र १६ इंचांहून आखूड नळी रायफलीला लावायची तर १९३४ च्या संघीय शस्त्र कायद्याखालची नोंदणी आड येते. शिकारीचे नियम राज्यागणिक वेगळे. ओहायोत आणि मिशिगनच्या दक्षिण भागात हरणाच्या शिकारीला सरळ पुंगळीच्या (तोंडाकडे अरुंद न होणाऱ्या) रायफल काडतुसांची मुभा २०१४ मध्ये मिळाली, तेव्हापासून तिकडे .४५० बुशमास्टरला मागणी वाढली. २०१९ मध्ये विंचेस्टरने याच गिऱ्हाइकासाठी .३५० लेजंड काढले. धक्का सौम्य असल्याने नवख्यांना ते मानवते. पेन्सिल्व्हेनियाने अर्धस्वयंचलित रायफलींना २०१७ मध्ये परवानगी दिली ती लहान सावजापुरती. हरणाला त्यातून वगळले, मग कॅलिबर कोणतेही असो.