तुरुंगाजवळ ड्रोन उडवायचाय? नकाशा हिरवा दिसला म्हणून निघू नका

ड्रोन नियम, २०२१ मध्ये तुरुंगासाठी वेगळा अर्ज नाही. घोळ इथूनच सुरू होतो. शूटिंगचं काम घेतलेला माणूस डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर नकाशा बघतो. परिसर हिरवा असतो, हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही हे त्याला ठाऊक असतं, आणि ड्रोन वर जातो. पोलीस ठाण्यात गेल्यावर कळतं की शहरात मनाई आदेश चालू होता.

हा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो आणि साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. मुंबईत असे आदेश पुन्हा पुन्हा निघतात. जुन्या आदेशाची तारीख उलटली म्हणजे मनाई उठली असं धरू नका, नवा निघालाय का ते विचारा. मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. शिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल, म्हणजे उड्डाणाला मनाई असलेला, ठरवू शकतो. म्हणून रात्री पाहिलेला नकाशा सकाळी उड्डाणाआधी पुन्हा बघा. नियमातही ते बंधनकारक आहे.

लेखी परवानगी पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात अधीक्षकांकडे मागा. जागा, वेळ, उंची, ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि काम देणाऱ्याचं पत्र जोडा. हे पत्र बहुतेकांकडे नसतं, कारण काम फोनवर ठरलेलं असतं. एक प्रत कारागृह अधीक्षकांना द्या. नियमात तसं लिहिलेलं नाही, पण भिंतीवरचा पहारेकरी तुमचा नकाशा बघत नाही.

खरी अडचण नोंदणी क्रमांकाची. नातेवाइकाने परदेशातून बॅगेत आणलेल्या ड्रोनला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मिळणारं सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र, नसतं, मग क्रमांक मिळत नाही. तयार ड्रोनची आयातच ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. असा ड्रोन घेऊन तुरुंगाजवळ जाऊच नका, दंड एक लाखापर्यंत आहे.

पायलट प्रमाणपत्राला दहावी पास, वय १८ ते ६५ आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण लागतं. पासपोर्टची अट सप्टेंबर २०२३ मध्ये गेली. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, लायसन्स चालतं. तरी पासपोर्ट मागणारे महाभाग भेटतात, तेव्हा नियमांतल्या या दुरुस्तीची प्रत जवळ ठेवा. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला हे प्रमाणपत्र लागत नाही, पण नकाशावरच्या लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या परवानगीतून सुटका नाही.

येरवड्याचं काम असेल तर लोहगावचं विमानतळ जवळ आहे, आणि ते हवाई दलाचं. पिवळ्या पट्ट्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारची परवानगी वेगळी घ्यावी लागते, पोलिसांचं पत्र त्याजागी चालत नाही.